नकाशातलं हिरवं

मला राग यायला फार काही लागत नाही. कुणी तोंडावर "तुम्हाला नाही जमणार" म्हटलं की माझं डोकं तापतं. आमचा लेआउट, म्हणजे शेताचे पाडलेले प्लॉट, त्या तापलेल्या डोक्यातून निघाला, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणी मला दूरदृष्टी वगैरेचं श्रेय द्यायला नको.

रिसोडहून वाशीमकडे निघालं की गावाची घरं संपतात, तिथे उजव्या हाताला आमचं दोन एकर वावर. माझे सासरे उत्तमराव आणि सासूबाई जिजाबाई यांनी चाळीस वर्षांत तिथे भाजीपाल्याशिवाय काही लावलं नाही. सगळा तालुका सोयाबीन पेरत असताना आमच्याकडे मेथी, वांगी, भेंडी, आणि सांभार. पुण्यामुंबईचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात. सासरे पेरायचे, सासूबाई बाजारात बसून विकायच्या. जमीन घेतली ती सासूबाईंच्या टोपलीतल्या पैशांनी, म्हणून सातबारा त्यांच्या नावावर. दरम्यान गाव वाढत वाढत आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, येऊन टेकलं होतं. डावीकडे प्लॉट, समोर प्लॉट, मध्ये आमची वांगी.

तेव्हा गोपीचंद आले. प्लॉटचा धंदा करणारा माणूस, बोलायला गोड, चहा बशीत ओतून पिणारा.

"काकाजी, आख्खं वावर मले देऊन टाका. एकरकमी पैसे. पुढचं मी पाह्यतो."

"अन् आम्हीच प्लॉट पाडले तर?" मी विचारलं.

ते मनापासून हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. "वहिनी, लेआउट पाडनं म्हंजे मेथीच्या जुड्या बांधनं नोहे. दहा हापिसं, पन्नास सह्या. तुमाले नाही जमनार."

झालं.

"आम्हीच पाडू," मी म्हटलं. माझा नवरा दिनेश पंख्यांच्या मोटारी बांधतो, गावात त्याचं छोटं दुकान आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाचा घाम पुसला. सासऱ्यांनी बराच वेळ सुपारी चघळली आणि निकाल दिला, "एक साल घे. पुढच्या अखजीपर्यंत तुया लेआउट मंजूर झाला तं ठीक. नाही तं वावर गोपीचंदले." अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. म्हणजे माझ्या हातात जेमतेम बारा महिने.

दुसऱ्या सकाळी मी वावरात फोनवर होते. वाशीमचे सतीशभाऊ, नकाशे काढणारे इंजिनीअर, पलीकडून कागदांची यादी सांगत होते. सासूबाई मेथी उपटता उपटता म्हणाल्या, "लेआउट पाड. पण मी जित्ती हावो तोवर माया वाफा बंद नाही पडला पाह्यजे. एवढ्या एका बोलीवर सही देतो."

"हो हो आई," मी म्हटलं, फोनवर हात ठेवून.

हे "हो हो" मला पुढे महागात पडलं.

मग माझी शाळा सुरू झाली. मी बी.कॉम. आहे, पण जमिनीचं शिक्षण कॉलेजात मिळत नाही. ते कचेरीच्या बाकावर मिळतं. दोनशे पानी वही घेतली आणि ज्याने जे सांगितलं ते लिहीत गेले. पहिला धडा: आधी सातबारा आणि फेरफार स्वच्छ पाहिजेत. जमीन कुणाची, कुठून आली, त्यावर कुणाचा बोजा आहे का. दुसरा धडा: मोजणी. आपण म्हणतो दोन एकर, पण सरकारी माणूस येऊन खुणा रोवत नाही तोवर ते आपलं म्हणणंच. तिसरा: आपली जमीन रहिवासी पट्ट्यात येते का, त्याचा दाखला. नाही तर बाकी सगळं फुकट.

मोजणीच्या दिवशी सासऱ्यांनी मोजणीवाल्यांना वांग्याची भाजी आणि भाकर खाऊ घातली. ते जेवत होते तोवर स्वतः दोरी घेऊन सगळं वावर मोजून काढलं. मशीनचा आकडा आणि सासऱ्यांचा आकडा यांत दीड हाताचा फरक पडला. सासरे अजून म्हणतात की मशीन चुकली.

मग सतीशभाऊंनी पहिला नकाशा काढून आणला आणि बाजेवर पसरला. पिवळे चौकोन म्हणजे प्लॉट, चौतीस. मधून रस्ते. आणि मागच्या अंगाला एक मोठा हिरवा चौकोन. सासूबाई हात पुसत आल्या. त्यांना सही करता येते, वाचता येत नाही. त्यांनी हिरव्यावर बोट ठेवलं.

"हे काय हाये?"

"ती मोकळी जागा, काकू. ओपन स्पेस. दहा टक्के सोडावीच लागते."

"इथी घर नाही बांधत कोनी?"

"कधीच नाही. विकताही येत नाही. कायमची मोकळी."

सासूबाईंचा चेहरा असा काही खुलला की मला वाटलं, वा, नकाशा आवडला. त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, पण तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी अंगणात गेले. परत आले तेव्हा नकाशाची गुंडाळी झाली होती आणि सासूबाई सतीशभाऊंच्या पिशवीत भेंडी भरत होत्या.

पावसाळा कचेऱ्यांत गेला. नगररचनेच्या कार्यालयात निता मॅडम होत्या. त्यांनी फाइल दोनदा परत केली, आणि दोन्ही वेळा मला आधी राग आला, मग कळलं की चूक आपलीच. एकदा नाली रस्त्याच्या चुकीच्या बाजूला दाखवली होती. पाणी उताराकडे जातं हे सासऱ्यांनी नकाशा न पाहताही सांगितलं असतं. दुसऱ्यांदा मला वाटलं की नऊ मीटरचा रस्ता म्हणजे जागेची उधळपट्टी, आठचा केला तर काय बिघडतं. मॅडमनी पेन खाली ठेवला. "तुमच्या लेआउटमधे आग लागली तर बंब वळायला नको का?" मी वहीत लिहिलं: बंब.

दिवाळीनंतर तात्पुरती मंजुरी आली. दिनेशने पेढे वाटले. तात्पुरती म्हणजे आता रस्ते पाडा, नाल्या काढा, विजेचे खांब उभे करा. ते पाहून मग अंतिम मंजुरी. मग प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा. मग रेराचा, म्हणजे प्लॉट-घरांच्या विक्रीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर. आणि तो आल्यावरच विक्री. त्याआधी पाटी लावणंसुद्धा गुन्हा. "एवढं सगळं करून मंग इकाचं?" सासरे म्हणाले. "आमी तं सकाळी तोडतो अन् दुपारी इकतो."

जेसीबी आला, रस्ते पाडले. मुरूम टाकणारा आठ दिवसांनी येतो म्हणाला आणि महिना लावला. एका सकाळी मी पाहायला गेले तर तिन्ही रस्ते हिरवे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मेथी, बोटभर उगवलेली.

"आई! रस्त्यावर मेथी?"

"मंग काय झालं? भुई मोकळी पडून राह्यली होती. मोकळी भुई मले पाह्यवत नाही."

"अहो, मुरूम येणार आहे!"

"त्याले सांग, मेथी निघाल्यावर ये."

मी चिडले, ओरडले, दिनेशला बोलावलं. दिनेशने मेथी पाहिली आणि म्हणाला, "चांगली उगवली." मुरूमवाल्याला खरंच आणखी पंधरा दिवस थांबवलं. नऊ मीटर रुंदीच्या मेथीच्या एवढ्या जुड्या झाल्या की त्या बाजारात रिसोडमध्ये दुसऱ्या कुणाची मेथी खपली नाही. आणि पेरताना सासूबाईंनी एक दाणाही प्लॉटच्या खुणेपलीकडे पडू दिला नव्हता. "तो लोकायचा जागा होनार. त्यात कायले पेरू?"

मेथी निघाली, मुरूम पडला, आणि सासूबाई मागच्या हिरव्या चौकोनाकडे वळल्या. तिथे त्यांनी शेणखत टाकलं, नळ्या अंथरल्या, वांग्याची रोपं लावली. मला वाटलं, असू दे, मोकळं आहे तोवर घेतील एक पीक. बाजारातून येताना त्या बायांना सांगायच्या, "प्लॉट गेले तरी माया हिरवा जागा हाये. कायमचा. कोनी इकू शकत नाही." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि तरी माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. आपल्याला सगळं समजायला लागलं आहे असं वाटलं की माणसाचं ऐकणं बंद होतं. माझं तसं झालं होतं.

होळी झाली आणि सतीशभाऊ अंतिम फाइल घेऊन आले. एकच सही बाकी होती, मालकिणीची. हमीपत्र होतं: ही मोकळी जागा कायम सर्व प्लॉटधारकांची राहील, त्यांच्या लेकराबाळांना खेळायला, बसायला, मालकाचा तिच्यावर हक्क नाही, तिथे पीक घेणार नाही, कुंपण घालणार नाही.

सतीशभाऊंनी वावराच्या मागे पाहिलं. वांगी जांभळी होऊन लटकली होती.

"हे कोणी लावलं?"

आणि तेव्हा, दहा महिन्यांनी, मला सगळं कळलं. बोली, नकाशा, खुललेला चेहरा, बाजारातलं बोलणं. नकाशात जिथे हिरवं दिसलं तिथे भाजी, असं त्या माउलीने धरलं होतं. चाळीस वर्षं जिने हिरवं म्हणजे भाजी एवढंच पाहिलं, ती दुसरं काय धरणार? त्या भरवशावर तिने आख्खं वावर माझ्या हातात दिलं होतं.

सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "सही घेऊन घे. सांगू मागून. अखजीले दीड महिना राह्यला. आता ते नाही म्हनली तं सगळं बसलं, अन् वावर गोपीचंदच्या घशात."

ते खोटं नव्हतं. गोपीचंदकडे गेलं तर वांगीही गेली आणि मेथीही. मी तो कागद पर्समध्ये घालून एक अख्खा दिवस फिरले. सासूबाई मला न विचारता सही करतील हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचीच मला लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फायलींची पिशवी उचलली आणि वांग्यांत जाऊन त्यांच्यासमोर बसले.

"आई, ही जागा आपली नाही राहणार."

सगळं सांगितलं. त्या वांगी तोडत होत्या, तोडत राहिल्या. सहासात वांगी टोपलीत पडली. मग हात थांबला.

"नकाशा दाखवला तवा काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही विचारलं नाही तेव्हा," मी म्हटलं. जीभ आहे माझी, काय करू.

"इचारलं होतं वो. 'मले पेरता येईन ना इथी' असं इचारलं होतं. तू फोनवर होती. अन् तो नकाशावाला पोरगा म्हने, वहिनीले इचारा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "दिनेशच्या बाबाले ठाऊक हाये?"

"हो."

"काय म्हने?"

"सही घे, मागून सांगू."

यावर त्या हसल्या. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग पदर तोंडाला लावून. "चाळीस साल! चाळीस साल तेच केलं त्यायनं! बँकेचा कागद, विजेचा कागद, सोसायटीचा कागद. जिजा, इथी सही कर. मी करत गेलो." डोळे पुसून त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं. "वाच."

"हमीपत्र?"

"जे जे हाये ते सगळं. पहिल्यापून."

मग मी वाचायला बसले. सातबारा काढला. "भोगवटादार, जिजाबाई भ्रतार उत्तमराव."

"थांब. माया नाव पहिले हाये?"

"तुमचं एकटीचंच आहे, आई."

त्यांनी तो कागद हातात घेतला, माझ्या बोटाखालचं नाव नीट पाहिलं आणि परत दिला. "हं. पुढं."

मोजणीची शीट, झोनचा दाखला, तात्पुरत्या मंजुरीच्या सतरा अटी. त्या प्रत्येक ठिकाणी अडवत होत्या. नाली याच बाजूनं काहून? नऊ मीटर म्हंजे किती पावलं? वेगळे सातबारे झाले म्हंजे चौतीस कागद माया नावावर येतीन का? रेरा म्हंजे कोन, मानूस हाये का हापिस? मी जे दहा महिन्यांत दहा कचेऱ्या फिरून शिकले ते त्या वांग्याच्या वाफ्यात बसून एका दुपारी शिकल्या. आणि मला वहीत बघावं लागत होतं, त्यांना एकदा सांगितलं की पुरत होतं.

शेवटी दरांची यादी आली. "एक नंबरचा भाव एवढा जास्त काहून?"

"कॉर्नर आहे ना. हमरस्ता आणि आतला रस्ता, दोन्हीकडून तोंड."

"हे मले सांगतं?" त्या म्हणाल्या. "बाजारात कोपऱ्यावरच्या जाग्यासाठी मी दहा साल भांडलो. दोन्ही अंगानं गिऱ्हाईक येते." त्यांनी नकाशा स्वतःकडे ओढला. "बोअर बी इथीच हाये. चौतीस कागद माया नावावर येनार, त्यातला मी एखांदा नाही इकला तं कोनी जबरदस्ती करन का?"

"कोण करणार? तुमचा प्लॉट. तुम्ही घर बांधा नाही तर मेथी लावा."

"मंग एक अन् दोन नंबर इकाचे नाही. ते माये." त्यांनी हमीपत्र मांडीवर घेतलं. "अन् हे देऊन टाक लेकरायले. फक्त वांग्याचा हा तोडा होऊ दे."

आणि त्यांनी सही केली, नेहमीसारखी, मोठ्या वेलांटीची.

सासऱ्यांना एक आणि दोन नंबर ऐकून ठसका लागला. "तो तं सगळ्यात महाग जागा हाये! मागचा घे, कोपऱ्यातला, सस्तातला."

"मागं गिऱ्हाईक येते का?" सासूबाई म्हणाल्या. "अन् तुमी मले कोनता कागद वाचून दाखवला, ते सांगा आधी." सासरे त्या दिवशी दुपारभर नालीची पाहणी करत होते.

अंतिम मंजुरी आली, सातबारे वेगळे झाले, आणि अखजीच्या चार दिवस आधी रेराचा नंबर आला. मी बसस्टँडवर उभी होते, मोबाईलवर तो नंबर पाहिला आणि तिथल्या तिथे ओरडले. मंगरूळपीरच्या गाडीची वाट पाहणारे दोन म्हातारे दचकून उठले. त्यांना पेढ्याचे पैसे देऊन मी घरी पळत आले.

अखजीच्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक घेऊन आले ते स्वतः गोपीचंद. माणूस वाईट नाही, मी म्हटलं ना. "वहिनी, मानलं तुमाले," म्हणाले. सोबत किन्हीराजा गावाकडचे एक गुरुजी होते, भाऊसिंग म्हणून, आणि त्यांची बायको सुचिता. गुरुजींची नजर थेट कोपऱ्यावर. तिथे सासूबाई सांभाराच्या वाफ्यात विळा घेऊन बसल्या होत्या, आणि रस्त्यावरून जाणारे दोघेतिघे थांबून जुड्या घेत होते.

"हा एक नंबर आम्हाला पाहिजे."

"गेला," मी म्हटलं.

"कोणाला?"

"मालकिणीला."

गुरुजींनी मग चार नंबर पाहिला, फिरून पाहिला, गोपीचंदशी कुजबुजले, आणि पसंत केला. दोघांच्या नावावर घ्यायचा म्हणाले. मी टेबलावर करारनामा ठेवला. त्यांनी स्वतःची सही केली आणि कागद बायकोकडे सरकवला. "सुचिता, इथं कर."

तिने पेन घेतला.

"थांब वो बाई." सासूबाई वाफ्यातून बोलल्या. "तुले वाचून दाखवलं का यायनं?"

सुचिता ओशाळून हसली. नाही म्हणून मान हलवली.

"वाचा गुरुजी. शाळेत वाचता ना? तसं वाचा. पहिल्यापून."

गोपीचंद माझ्याकडे बघू लागले, मी काहीतरी बोलेन या आशेने. मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली, हे दिनेश अजून लोकांना सांगतो.

गुरुजींनी घसा साफ केला आणि वाचायला लागले. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर सुचिताने पेन टेबलावर ठेवला आणि विचारलं, "अहो, नऊ मीटर म्हंजे नेमकं किती?"

सासूबाईंनी विळा खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि सुचिताचा हात धरून तिला रस्ता पावलांनी मोजून दाखवायला घेऊन गेल्या.